लघुरेल्वेचें जुनें इंजिन : पारख आणि दुरुस्ती

आगगाडीची हौस माणसाला कोणत्या वयांत लागते हें सांगतां येतें. ती कोणत्या वयांत सुटते हें मात्र सांगतां येत नाहीं. पुण्यांत कोथरूडच्या बाजूस १९९८ सालीं उघडलेलें जोशी यांचें लघुरेल्वे-संग्रहालय ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांनीं तेथील एक गंमतही पाहिली असेल. नातवाला गाड्या दाखवावयास आलेले आजोबा नातवाच्या आधीं तेथून हलत नाहींत. तळहातावर मावणारीं तीं इंजिनें, ते सिग्नल, तीं स्टेशनें हीं सारीं मुलांसाठीं म्हणून केलेलीं दिसतात. परंतु त्यांची खरी निगा राखतात तीं मोठीं माणसें, आणि त्यांतही पेचकस व चिमटा हातीं धरल्यावांचून ज्यांचा रविवार जात नाहीं अशीं.

ही हौस मूळची इंग्लंड, जर्मनी आणि अमेरिका या देशांतील. जर्मनींतील ग्योपिंगेन येथील मेर्क्लिन यांचा कारखाना १८५९ सालचा. इंग्लंडांत हॉर्नबी यांची जेवणाच्या टेबलावर मांडतां येण्याजोगी ‘डब्लो’ गाडी १९३८ सालीं बाजारांत आली. तेव्हांपासून निघालेलीं इंजिनें हौशी लोकांच्या रीतीप्रमाणें एका घरांतून दुसऱ्या घरांत फिरत राहिलीं आहेत. नवें इंजिन महाग, म्हणून जुन्याचा व्यवहार मोठा. आणि अडचण उभी राहते ती नेमकी येथेंच. जुनें पुस्तक विकत घेतलें तर आधींच्या मालकानें समासांत काय लिहिलें तें उघड दिसतें. जुन्या इंजिनाच्या आधींच्या मालकानें आंत काय केलें तें मात्र वरून दिसत नाहीं. खोक्यावर छापलेलें असतें तें कारखान्याचें वर्णन. नंतर कोणीतरी तें इंजिन उघडलेलें असतें, त्यांत नवी विद्युत्-सामग्री बसवलेली असते, आणि कांहीं काळानें तें बिघडलें म्हणून, किंवा नुसता कंटाळा आला म्हणून, विकून टाकलेलें असतें.

असें इंजिन घरीं येतें, रुळावर ठेवलें जातें, आणि चालत नाहीं. कधीं तें गुणगुणतें, कधीं दिवा लागतो पण चाक हलत नाहीं, कधीं प्रवाह देणारें यंत्रच तत्काल बंद पडतें. घेणारा म्हणतो, “आंतली चिप जळली.” तो नवी आणून बसवतो, आणि तीही जळते. हा दुसरा जळीत टाळतां येतो. कारण आंतली चिप बहुधा स्वतःच्या दोषानें मरत नाहीं. ती मोटारीच्या, तारेच्या किंवा एखाद्या उतावळ्या हाताच्या दोषानें मरते, आणि तो दोष नव्या चिपेची वाट पाहत तेथेंच बसलेला असतो.

आतां ही चिप म्हणजे काय, आणि ती तेथें आली कशी, हें पाहिलें पाहिजे. जुन्या पद्धतींत सारा कारभार सरळ होता. दोन रुळांत शून्यापासून बारा व्होल्टपर्यंत एकदिश प्रवाह सोडावयाचा. व्होल्ट वाढवले कीं गाडी वेगानें जाते. धन-ऋण टोकांची अदलाबदल केली कीं ती मागें जाते. चाकांनीं प्रवाह उचलावयाचा आणि तो मोटारीच्या दोन ब्रशांना द्यावयाचा, यापलीकडे इंजिनाच्या पोटांत कांहीं नसे. यांत उणीव एवढीच कीं, एका रुळावर दोन इंजिनें ठेवलीं तर दोन्ही एकदमच चालत. एक थांबवून दुसरें चालवावयाचें असल्यास रुळाचे तुकडे निराळे करून प्रत्येकास बटन लावावें लागे.

ही उणीव दूर करण्यासाठीं १९८० च्या सुमारास निरनिराळ्या कारखान्यांनीं आपापल्या पद्धती काढल्या. हॉर्नबी यांची ‘झीरो वन’ ही त्यांतलीच. पण एकाची भाषा दुसऱ्यास कळत नसे. पुढें जर्मनींतील लेंझ यांच्या कारखान्यांत तयार झालेली पद्धति अमेरिकेंतील लघुरेल्वे-संघानें १९९० च्या दशकांत प्रमाण म्हणून स्वीकारली, आणि डी. सी. सी. या आद्याक्षरांनीं ती सर्वत्र ओळखली जाऊं लागली. या पद्धतींत रुळांत वेग नसतो, निरोप असतो. रुळांवर सदैव पूर्ण दाब, साधारण चौदा ते सोळा व्होल्ट, खेळत असतो, आणि त्याची दिशा सेकंदांत हजारों वेळां उलटसुलट होत असते. दिशा ५८ मायक्रोसेकंदांनीं पालटली तर तो ‘एक’. १०० किंवा अधिक मायक्रोसेकंदांनीं पालटली तर तें ‘शून्य’. अशा एक-शून्यांची माळ म्हणजे निरोप : अमुक क्रमांकाच्या इंजिनानें अमुक वेगानें पुढें जावें. प्रत्येक इंजिनाच्या पोटांत टपालाच्या तिकिटाएवढी एक पाटी असते. तिला डिकोडर म्हणतात. ती सर्वांचे निरोप ऐकते, आपल्या नांवचा तेवढा उचलते, रुळावरच्या दाबाचा एकदिश प्रवाह करते आणि तो तुकड्यातुकड्यांनीं मोटारीस पाजते. मोटारीनें रुळाशीं परस्पर संबंध ठेवावयाचा नाहीं, जें काय मिळेल तें डिकोडरच्या हातून घ्यावयाचें, हा या पद्धतीचा मुख्य नियम आहे. दुरुस्तीचें पुष्कळसें मर्म याच एका नियमांत आहे.

जुन्या इंजिनांत डिकोडर आहे किंवा नाहीं, हें तें न उघडतां बरेंचसें कळतें. इंजिन साध्या एकदिश प्रवाहाच्या रुळावर ठेवावें आणि दाब शून्यापासून हळूहळू वाढवावा. डिकोडर नसेल तर दोन-तीन व्होल्टलाच चाक हलूं लागतें. असेल तर इंजिन बराच वेळ स्वस्थ बसतें, आणि पांच-सहा व्होल्ट झाल्यावर एकदम जागें झाल्यासारखें निघतें. कारण तेवढा दाब डिकोडरला स्वतः शुद्धीवर येण्यासाठींच लागतो. आवाज करणारा डिकोडर असला तर गाडी हलण्यापूर्वींच वाफेचा फुत्कार किंवा डिझेलची घरघर ऐकूं येते. अगदीं कांहींच झालें नाहीं तर मात्र निष्कर्ष काढण्याची घाई करूं नये. साध्या प्रवाहावर चालावयाचेंच नाहीं, अशी आज्ञाही डिकोडरला देऊन ठेवतां येते, आणि पुष्कळ जुने मालक ती देतात.

याच्या उलट प्रयोग, म्हणजे अनोळखी इंजिन प्रथमच डी. सी. सी. च्या रुळावर ठेवून पाहणें, हा कोणींही करूं नये. आंत डिकोडर नसेल तर तो उलटसुलट दाब थेट मोटारीवर पडतो. मोटार जागच्या जागीं तीव्र स्वरानें गुणगुणते आणि तापूं लागते. जुनी जाड गुंडाळ्यांची मोटार थोडा वेळ तें सोसते. पण आजच्या कित्येक इंजिनांत लोखंडी गाभा नसलेल्या नाजूक मोटारी असतात, त्या फार लवकर जळतात. मेर्क्लिन यांच्या तीन-वाहक पद्धतीचें इंजिन दोन रुळांच्या मांडणीवर ठेवलें तर तत्काल शॉर्ट सर्किट होतें. कारण त्याचीं दोन्ही बाजूंचीं चाकें एकमेकांपासून विलग केलेलीं नसतात. खालून पाहिलें असतां मध्यभागीं लांबट सरकपट्टी दिसली कीं तें इंजिन त्या कुळांतलें समजावें.

यानंतर इंजिन उघडावयाचें. वरचा साज बहुधा खालून एकदोन स्क्रूंनीं बसवलेला असतो. ते चाकांच्या गाड्यामागें किंवा जोडकडीखालीं दडलेले असतात. स्क्रू न सांपडल्यास साज कडेच्या खाचांत अडकवलेला आहे असें समजून नखानें किंवा पातळ गंजिफेच्या पानानें तो सोडवावा. जोर मात्र करूं नये. कठडे, शिट्टी आणि पायऱ्या प्रथम मोडतात, आणि जुन्या इंजिनाची निम्मी किंमत त्यांतच असते. वाफेच्या इंजिनांत डिकोडर पुष्कळदां टेंडरमध्यें, कोळशाच्या ढिगाखालीं ठेवलेला असतो. तेव्हां इंजिन व टेंडर यांतील तारा न ताणतां दोन्ही एकदमच उघडावीत.

आंत जें दिसेल त्याचें आधीं एक छायाचित्र घेऊन ठेवावें. नंतर वाचावयास बसावें, होय, वाचावयासच. कारखान्यांतून आलेलें काम आणि घरीं केलेलें काम यांतील फरक लगेच कळतो. कारखान्याच्या इंजिनांत एक छापील पाटी असते व तिच्यावर आठ, एकवीस किंवा बावीस टांचण्यांची जागा असते. तींत डिकोडर नाहींतर त्याच्या जागीं एक मुकी खिट्टी बसवलेली असते. मुकी खिट्टी दिसली तर सुटलों असें समजावें : इंजिन नुसतें ‘डी. सी. सी. साठीं सज्ज’ आहे, आंत डिकोडर नाहींच. आठ टांचण्यांच्या खिट्टीची एक गंमत सांगण्यासारखी आहे. ती उलटी बसवली तरी मोटार आणि रूळ यांच्या जोड्या समोरासमोर असल्यामुळें इंजिन चालतें, फक्त दिवे लागत नाहींत. तेव्हां “चालतें, पण दिवे गेले” असें सांगून विकलेल्या इंजिनाची खिट्टी आधीं फिरवून पाहावी. हा उपचार बिनखर्चाचा आहे. एकवीस टांचण्यांच्या डिकोडरला मात्र असें उलटसुलट करूं नये. त्यांत एक जागा मुद्दाम बुजवलेली असते, तिचा मान राखावा.

घरच्या कामांत अशी खिट्टी नसते. तारांस तारा जोडलेल्या असतात. त्या तारांच्या रंगांचा एक ठराव आहे. तांबडी व काळी रुळांच्या, नारिंगी व करडी मोटारीच्या, पांढरी पुढच्या दिव्याची, पिवळी मागच्या दिव्याची, निळी सर्व दिव्यांची सामाईक धन तार, हिरवी व जांभळी जादा कामांसाठीं. हा ठराव डिकोडरच्या टोकापुरताच खरा मानावा. सांध्याच्या पलीकडे आधींच्या मालकानें घरांत जी तार असेल ती लावलेली असते, आणि तेथें तांबड्या रंगाचा अर्थ एवढाच कीं, त्या दिवशीं त्याच्यापाशीं तांबडी तार होती.

आतां एक उदाहरण जरा सविस्तर घेतलें तर सारा प्रकार स्पष्ट होईल. डॉनकॅस्टर येथें १९२३ सालीं बांधलेलें ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हें इंजिन इंग्लंडच्या आगगाड्यांत सर्वांत नामांकित. हॉर्नबी यांनीं त्याच्या प्रतिकृती पुष्कळ काढल्या, आणि त्यांतील एका पिढीच्या प्रतिकृतींत मोटार इंजिनांत नसून टेंडरमध्यें असे. म्हणजे मागची टेंडर ढकलते आणि पुढचें इंजिन ऐटींत नुसतें मिरवतें! हीं जुनीं इंजिनें आज मुबलक मिळतात व हौशी लोक त्यांत डिकोडर बसवतात. टेंडरमध्यें जागाही ऐसपैस असते. परंतु यांची मूळ रचना डिकोडर ठाऊक नसलेल्या काळांतली. एका रुळाचा प्रवाह इंजिनाच्या चाकांनीं उचलावयाचा व तारेनें किंवा जोडदांड्यानें मागें आणावयाचा. दुसऱ्या रुळाचा टेंडरच्या चाकांनीं उचलावयाचा. टेंडरकडून आलेला हा प्रवाह मोटारीच्या धातूच्या बैठकीतूनच एका ब्रशाला पोंचतो. त्यासाठीं निराळी तार नाहीं. त्या काळीं ही काटकसर अगदीं योग्य होती.

डिकोडर बसवतांना मात्र तो ब्रश बैठकीपासून तोडून पूर्णपणें विलग करावा लागतो. आधींच्या मालकानें तो तोडला असतो, पण कसा? कोणी कागदाचा कपटा मध्यें सारतो, कोणी चिकटपट्टीचा तुकडा लावतो. इंजिन कांहीं महिने उत्तम चालतें. मग तेलानें कपटा भिजतो, उष्णतेनें चिकटपट्टीचा गोंद पाझरतो, तुकडा केंसभर सरकतो, आणि ब्रशाची पितळी पट्टी बैठकीला टेकते. त्या क्षणीं डिकोडरची मोटारीकडे जाणारी वाट थेट रुळाला जाऊन मिळते. डिकोडरच्या आंतील जे सूक्ष्म दरवाजे मोटारीस प्रवाह देतात ते एका पलकांत जळतात. मालक हळहळतो, इंजिन विकतो. घेणारा उघडतो, त्याला काळवंडलेला डिकोडर दिसतो, आणि रोग सांपडला असें त्यास वाटतें. वास्तविक जें सांपडलें तें रोग्याचें प्रेत होय. रोग त्या सरकलेल्या तुकड्यापाशीं आहे. नवा डिकोडर पुष्कळदां अशा जुन्या इंजिनाइतक्याच किंमतीचा असतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे पांच मिनिटांची तपासणी किती मोलाची हें सांगावयास नको.

ती तपासणी अशी. डिकोडर काढून ठेवावा, किंवा निदान त्याच्या नारिंगी व करडी या दोन तारा मोटारीपासून सोडवाव्यात. डिकोडर मध्यें असतां घेतलेलीं मापें फसवीं असतात. साधा मल्टिमीटर रोध मोजण्यावर लावावा. एक टोंक एका बाजूच्या चाकाला, दुसरें टोंक एका ब्रशाला. मग तेंच दुसऱ्या ब्रशाला. मग दुसऱ्या बाजूच्या चाकापासून तसेंच. अशीं चार मापें होतात. चारही वेळां कांटा हलतां कामा नये, अथवा आंकड्यांचें यंत्र असल्यास त्यानें मार्ग खुला असल्याचें दाखवलें पाहिजे. चारांपैकीं एकांत जरी मार्ग जुळलेला दिसला, तरी नवा डिकोडर डबीतून बाहेर काढूं नये. आणि हीं मापें घेतांना मोटार बोटानें थोडी फिरवावी, तारा हलवाव्या, बैठकीचा स्क्रू दाबून पाहावा. जो दोष स्थिर असतां दिसत नाहीं, तो हलतांना दिसतो.

मग दोन ब्रशांतील रोध पाहावा. निरोगी मोटारीचा तो साधारणतः कांहीं ओहमांपासून कांहीं दशक ओहमांपर्यंत असतो, आणि मोटार हळूहळू फिरवली असतां तो थोडाफार बदलला तरी एकदम शून्यावर येत नाहीं. शून्यावर आला तर बहुधा कम्युटेटरच्या फटींत कार्बनची पूड साचलेली असते. ती लांकडी दांतकोरण्यानें अलगद काढावी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवावा. सुई किंवा पातें वापरूं नये. तांब्यावर ओरखडा पडला कीं ब्रश झिजूं लागतात. शेवटीं मोटारीस स्वतंत्रपणें बारा व्होल्टचा एकदिश प्रवाह अँपियर-मापकांतून देऊन चाकें क्षणभर बोटांनीं रोखून पाहावीत. या आकाराच्या इंजिनांसाठीं मिळणारे डिकोडर सामान्यतः एक अँपियर सोसतात. रोखलेली मोटार त्याहून अधिक ओढत असेल तर ती नव्या डिकोडरलाही लौकरच संपवील. जुन्या मोटारीचें चुंबक दुबळें झालें असतां असेंच होतें : शक्ति कमी, भूक अधिक.

येथवर विजेची गोष्ट झाली. पण जुन्या इंजिनाच्या पुष्कळ तक्रारी विजेच्या नसतातच. चाकांवर काळा थर बसलेला असतो, प्रवाह उचलणाऱ्या पट्ट्या वांकून चाकापासून दूर गेलेल्या असतात, इंजिन-टेंडरमधील तार वळणावर आंतून तुटलेली असते. दर फेऱ्यास ‘टक्’ असा आवाज करून इंजिन उसळत असेल तर आंसावरचें प्लास्टिकचें दांतेरी चाक चिरलेलें असण्याचा संभव मोठा. तेथें डिकोडरची सेटिंगें बदलीत बसणें व्यर्थ. डिकोडर मोटारीस क्षणाक्षणाला प्रवाह तोडून, फिरती मोटार स्वतः किती दाब उत्पन्न करते तें मोजतो आणि त्यावरून वेग सांवरतो. ब्रश खराब असले किंवा चाक चिरलेलें असलें तर त्याला चुकीचीं मापें मिळतात, आणि तो बिचारा प्रामाणिकपणें इंजिनास धक्के देत राहतो. दोष मात्र त्याच्याच माथीं येतो.

मोटार निर्दोष ठरली, आणि मूळचा डिकोडर पाहतां काळवंडलेला वा फुगलेला नाहीं, तर त्याची विचारपूस करावी. डी. सी. सी. च्या आज्ञायंत्राला प्रोग्रॅमिंगसाठीं निराळा रूळ जोडतां येतो, व त्यावर प्रवाहाची मर्यादा थोडी असते. अनोळखी इंजिन डी. सी. सी. च्या दाबाखालीं प्रथम ठेवावें तें येथेंच, मोठ्या मांडणीवर नव्हे. डिकोडरच्या पोटांत क्रमांकांच्या खान्यांची एक खातेवहीच असते. आठव्या खान्यांत कारखान्याचा क्रमांक असतो : ९९ असल्यास लेंझ, १४५ असल्यास झिमो, १५१ असल्यास ई. एस. यू., ४८ असल्यास हॉर्नबी. सातव्यांत आवृत्ति. पहिल्यांत इंजिनाचा छोटा पत्ता. नवा असतांना तो ३ असतो. मोठा पत्ता १७ व १८ या खान्यांत, आणि कोणता पत्ता मानावयाचा, साध्या प्रवाहावर चालावयाचें किंवा नाहीं, हें २९ व्या खान्यांत.

खातेवही वाचतांना यंत्रानें ‘उत्तर नाहीं’ असें सांगितलें म्हणजे लोक डिकोडर मेला असें समजतात. येथें थोडें थांबावें. डिकोडरला बोलण्यास निराळें तोंड नाहीं. ‘होय’ म्हणावयाचें झालें कीं तो सहा मिलिसेकंद निदान ६० मिलिअँपियर इतका जादा प्रवाह ओढतो, आणि आज्ञायंत्र तेंच उत्तर मानतें. हा प्रवाह तो बहुधा मोटारीतून ओढतो. म्हणूनच वाचन चाललें असतां इंजिन किंचित् थरथरतें. मोटारीची तार सुटलेली असेल, ब्रश झिजलेला असेल, चाकें मळलेलीं असतील, तर चांगला जिवंत डिकोडरही मुका वाटतो. तपासणीसाठीं सोडवलेल्या दोन तारा पुन्हां जोडल्यावांचून त्याला प्रश्न विचारूं नयेत, हें त्यांतच आलें.

सर्वांत चकवणारा प्रकार एकोणिसाव्या खान्याचा. दोन-तीन इंजिनें एका गाडीस जुंपावयाचीं असलीं तर त्यांचा सामाईक पत्ता त्या खान्यांत लिहितात. तो लिहिलेला असेपर्यंत इंजिन स्वतःच्या पत्त्यावर आलेली वेगाची आज्ञा मानीत नाहीं. जोडी फुटली, एक इंजिन विकलें गेलें, आणि तो आंकडा पुसावयाचा राहिला, तर नव्या घरीं तें इंजिन दिवे लावतें, शिट्टी वाजवतें, पण हलत नाहीं! तें आपल्या जुन्या सोबत्याच्या हांकेची वाट पाहत असतें, असें कोणी म्हटलें तर विद्युत्शास्त्राच्या दृष्टीनेंही तें फारसें चूक नाहीं. त्या खान्यांत शून्य लिहिलें कीं इंजिन चालूं लागतें. पुष्कळ कारखान्यांच्या डिकोडरमध्यें आठव्या खान्यांत ८ लिहिलें असतां सारी वही मूळच्या स्थितीवर येते. हा उपाय रामबाण म्हणून सुचवला जातो. पण तो शेवटीं करावा. आधींच्या मालकानें वेगाची चढण बसवण्यांत संध्याकाळच्या संध्याकाळ घालवल्या असतील. ती एका क्षणांत पुसण्यापूर्वीं सारे आंकडे कागदावर उतरून घ्यावेत.

डिकोडरच्या एकाच दिव्याची वाट जळली असेल तर तो टाकून देण्याचें कारण नाहीं. पांढऱ्या तारेचें काम हिरवीकडे सोंपवतां येतें. ३३ ते ४६ हे खाने त्यासाठींच आहेत. पण ती वाट जळली कशानें, हें आधीं पाहावें. बहुधा दिव्याची तार कोठेंतरी चौकटीला टेकलेली असते. एल. ई. डी. दिवा असेल तर त्याच्या वाटेंत साधारण एक हजार ओहमांचा रोधक आहे ना, आणि त्याचें धन टोंक निळ्या तारेकडे आहे ना, तेंही पाहावें. रोधक नसेल तर दिवा एकदांच लागतो, पण फार लख्ख लागतो. मोटारीची वाट जळली असेल तर मात्र डिकोडर बदलावाच. त्यावरील भाग इतके सूक्ष्म असतात कीं घरच्या इस्त्रीनें, म्हणजे सोल्डरच्या इस्त्रीनें, त्यांची दुरुस्ती करणें सहसा परवडत नाहीं.

नवा बसवतांना प्रत्येक सांध्यावर तापवल्यानें आवळणारी नळी चढवावी. विजेच्या कामाची नेहमींची काळी चिकटपट्टी येथें नको. उष्णतेनें तिचा गोंद पाझरतो आणि वर्षभरानें सारें पोट चिकट होतें. पिवळसर पॉलिइमाइडची पट्टी चौकटीवर, जेथें डिकोडर टेकण्याचा संभव आहे तेथें लावावी; सबंध डिकोडर गुंडाळूं नये, त्यासही श्वास हवा. मोटारीच्या ब्रशांवर रेडिओची खरखर टाळण्यासाठीं बसवलेला लहान कंडेन्सर जुन्या इंजिनांत आढळतो. डिकोडरच्या वेगमापनांत तो विघ्न आणतो, म्हणून पुष्कळ लोक काढून टाकतात. याउलट निळ्या तारेस व डिकोडरच्या ऋण टोकास जोडलेली मोठी कंडेन्सरची पेटी दिसली तर ती मळक्या रुळावर इंजिन बंद पडूं नये म्हणून मुद्दाम ठेवलेली असते. ती असतां रुळावरून उचललेलें इंजिनही कांहीं क्षण चालत राहतें, तेव्हां पेचकस घालण्यापूर्वीं ती रिकामी होऊं द्यावी. खातेवही वाचण्यांतही ती अडथळा करते. प्रसंगीं तेवढ्यापुरती सोडवावी लागते.

ब्रशाखालील तो कपटा काढून तेथें पक्का अवाहक तुकडा बसवला, चारही मापें पुन्हां घेतलीं, आणि मग डिकोडर जोडला, म्हणजे इंजिन साज न चढवतां प्रोग्रॅमिंगच्या रुळावर ठेवावें. आठवा खाना वाचला गेला तर तारा बरोबर लागल्या. त्यानंतरच मोठ्या रुळावर, पत्ता ३, वेग सर्वांत कमी. पुढें म्हटलें असतां मागें जात असेल तर नारिंगी व करडी यांची अदलाबदल करावी. दहा मिनिटें दोन्ही दिशांनीं चालवून डिकोडरला बोट लावून पाहावें. कोमट लागला तर ठीक, बोट ठेववत नसेल तर पुन्हां मोटारीकडे वळावें. सर्व नीट झाल्यावर साज चढवावा, आणि खोक्याच्या झांकणांत एक चिठ्ठी ठेवावी : डिकोडर कोणाचा, पत्ता कोणता, कोणत्या ब्रशाखालीं काय घातलें, कोणत्या रंगाची तार कोठें गेली, आणि तारीख.